आत्या तर घरचीच

ऊर्जानगरच्या फाटकाशी पोचेपर्यंत विक्की आणि त्याची आत्या एकमेकांशी अक्षर बोलले नव्हते. विक्की बाईक चालवत होता, नीलिमा मागे बसली होती आणि दोघांच्या मध्ये तिची बॅग होती. फाटकाशी मात्र बोलणं भागच पडलं, कारण तिथे विक्की बारा फूट उंचीचा होऊन उभा होता.

फ्लेक्सवरचा विक्की गॉगल लावून, हाताची घडी घालून एका जम्बो विमानापुढे उभा होता. त्या विमानात ऊर्जानगरची निम्मी वस्ती गाद्या-गिरद्यांसकट बसली असती. खरा विक्की ज्या विमानात शिकत होता त्यात दोन माणसं बसत, आणि दुसरं माणूस जाड असलं तर पेट्रोल कमी भरावं लागे. खाली मजकूर होता : ‘ऊर्जानगरची शान, चंद्रपूरचा अभिमान, विक्कीभाऊ यांनी एकट्याने विमान उडवल्याबद्दल हार्दिक हार्दिक अभिनंदन.’ एक हार्दिक लिहून जागा उरली होती, म्हणून दुसरं घातलं असावं. शुभेच्छुकांच्या रांगेत सगळ्यात मोठा फोटो विक्कीच्या आबाजींचा, म्हणजे आईच्या वडिलांचा, गुणवंतरावांचा होता. नीलिमा कोपऱ्यात होती. फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, आणि खाली ‘मार्गदर्शन : आत्या (घरच्याच)’.

“हे कधी लागलं?” नीलिमानं विचारलं.

“परवा. आबाजीनं लावलं.”

“परवा? आन तू उडणार होता आज.”

“आबाजी म्हणे, चांगल्या कामाले उशीर कायले करा.”

या घराण्यात गोष्ट होण्याआधी तिचा सत्कार होतो, ही काही आजची रीत नव्हे. विक्कीच्या बापाची, कुलदीपची, पॉवर हाऊसमधली पर्मनंटची ऑर्डर निघणार अशी नुसती कुजबुज झाली तेव्हा घरानं सगळ्या लाइनीत पेढे वाटले होते. ऑर्डर आली तोवर पेढे खाल्लेल्यांतले दोघं रिटायर होऊन गावी गेले होते. नीलिमाची सोयरीक तर तीनदा जमून पेढ्यांपर्यंत गेली आणि तिन्ही वेळा पेढेच तेवढे पचले. पण यावेळी संध्याकाळच्या सत्कारासाठी पेढे, फ्लेक्स, विहाराचा हॉल, शाल आणि कामगारांचे एक पुढारी इतकं सगळं जमवून झालं होतं. जमवायचं राहिलं होतं ते फक्त विक्कीचं एकट्यानं उडणं.

“घरी तू सांगते का मी सांगू?” विक्कीनं विचारलं.

“मी सांगते. बोलणी खायची सवय मले जास्त हाय.”

सकाळी झालं ते एवढंच. नीलिमा आठवडाभर नागपुरात एका कंपनीत कॅमेऱ्याचं काम करायची. हे कॅमेरे माणसांचे फोटो काढत नाहीत, बारकोडचे काढतात. ओला, चुरगळलेला, अर्धा फाटलेला बारकोड समोरून झपाट्यानं गेला तरी तो वाचता आला पाहिजे, यासाठी ती आणि तिचे चार सहकारी डोळे फोडत. घरच्यांच्या हिशेबी ती ‘बिस्किटाच्या पुड्यावरच्या रेघा वाचायची’, आणि त्यासाठी एवढं इंजिनिअरिंग कशाला लागतं, हा प्रश्न केसरबाईंना, म्हणजे तिच्या आईला, आजवर सुटलेला नव्हता. शनिवार-रविवारी ती चंद्रपूरबाहेरच्या धावपट्टीवर पोरांना विमान शिकवायची. हे मात्र घराला पटकन समजलं. आत्याच शिकवते म्हटल्यावर विक्कीला दुसरीकडे घालणं म्हणजे घरी विहीर असून टँकर बोलावण्यासारखं झालं असतं.

आज तिनं शेजारी बसून त्याला तीन चकरा मारायला लावल्या. तिसरी नीट झाली असती तर ती उतरणार होती आणि विक्की चौथी एकटा मारणार होता. पहिल्या दोन वेळी उतरायची बाजू तिनंच सांगितली, तिसऱ्या चकरेत मात्र विचारलं, “कोणत्या बाजूनं उतरशील?” धावपट्टीच्या कडेला खांबावर वाऱ्याची नारिंगी झोळी लावलेली असते. ती वाऱ्यानं फुगून सांगते की जमिनीवर वारा कुठून कुठे वाहतो आहे. विमान त्या वाऱ्याला तोंड देऊन उतरवायचं असतं. विक्कीनं झोळीकडे बघितलंच नाही. त्यानं मान वळवून दूरवर पॉवर हाऊसच्या चिमणीकडे बघितलं, धूर कुठे झुकला आहे ते पाहिलं आणि आत्मविश्वासानं उलट्या बाजूनं विमान खाली घेतलं. मागून वारा असला की विमान लवकर थांबत नाही. धावपट्टी संपते, विमान संपत नाही.

“माझ्याकडे दे,” म्हणून नीलिमानं विमान वर उचललं, फिरवलं आणि स्वतः उतरवलं. आजवरच्या शिकवणीत विक्कीनं तिसऱ्यांदा हीच चूक केली होती, आणि तिन्ही वेळा तिनं त्याला झोळी दाखवली होती.

क्वार्टरच्या दारात कुलदीप उभा होता. हातात पेढ्यांचा डबा, झाकण उघडं.

“झालं ना?”

“नाई झालं, दादा.”

“काऊन? विमान बंद पडलं का?”

“विमान चालू होतं. मीच विक्कीले सोडलं नाई.”

कुलदीपनं डब्याचं झाकण लावलं. आतून वड्यांचा वास येत होता आणि रिना, त्याची बायको, कढईपुढून ओरडत होती, “आले का? त्याले आधी पाणी द्या!” ती पदराला हात पुसत बाहेर आली, सगळ्यांची तोंडं बघितली आणि पाणी द्यायचं विसरली.

गुणवंतराव खुर्चीतून उठले नाहीत. आलापल्लीकडच्या एका शाळेत ते हेडमास्तर होते आणि रिटायर होऊनही शाळा सुटलेली नव्हती. “कोणत्या विषयात गेला?” त्यांनी विचारलं.

“वाऱ्यात.”

“वारा काय विषय हाय का?”

“तिथं त तोच विषय हाय, भाऊ. बाकीचं सगळं प्रॅक्टिकल.” सोयऱ्यातल्या या थोरल्या माणसाला नीलिमा ‘भाऊ’च म्हणे.

नीलिमानं चिमणीचं सांगितलं. चिमणीचं तोंड आभाळात असतं, तिथला वारा एकीकडे आणि जमिनीवरचा दुसरीकडे, सकाळच्या वेळी तर हमखास. पलंगावर बसलेल्या केसरबाईंना राग आला तो नातू नापास झाल्याचा नव्हे.

“चिमणी पाहूनच त म्या सारी उमर पापड वाळवले,” त्या म्हणाल्या. “धूर इकडं आला का पापड तिकडं. एक पापड काळा झाला नाई माहा.”

“तुहं बरोबरच हाय, माय. राख वरून येते, म्हणून तू वरचा वारा पाहत होती. विमानाले खालचा पायजे.”

“म्हंजे तो माह्यापासूनच शिकला.”

“हाव.”

“मंग नापास मी झाली,” केसरबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. ऊर्जानगरात वाढलेलं प्रत्येक पोर चालायला लागण्याआधी त्या चिमणीकडे बघायला शिकतं. दोरीवरचे कपडे, अंगणातल्या मिरच्या, लग्नाचा मांडव, सगळं धुराला विचारून. विक्कीला झोळीकडे बघायला सांगणं म्हणजे आजीचं ऐकू नको म्हणणं होतं, आणि या घरात आजीचं न ऐकण्याची मुभा आजवर कोणाला मिळालेली नव्हती.

जेवायला बसल्यावर खरी सभा भरली. मटणाच्या रश्श्यात वडा बुडवून गुणवंतरावांनी मुद्दा मांडला. “पाह्य पोरी, मी हेडमास्तर होतो तवा माह्या शाळेत बत्तीस मार्कावाल्याले पस्तीस पडायचे. पोट्टा कोणाचा का असंना. तीन मार्कांसाठी कोणाची जिंदगी काऊन खराब करा? यालेच ग्रेस म्हणते.”

“गणितात तीन मार्क कमी पडले त पोट्टा पुन्हा गणितात बसते, भाऊ. इथं कमी पडले त पुन्हा बसायले पोट्टा लागते ना.”

“तसं अशुभ बोलू नका,” रिना म्हणाली.

“मी त मार्काचंच बोलून राह्यली.”

गुणवंतराव हार जाणारे नव्हते. “बरं, तुह्याच धंद्याचं सांगतो. तुही मशीन म्हणे अर्ध्या फाटक्या रेघाबी वाचते. जे दिसत नाई ते मनानं भरून घेते. खरं का नाई?”

“खरं हाय.”

“मंग मशीनले जमते ते तुले काऊन नाई जमत? पोट्ट्याचं नव्वद टक्के दिसून राह्यलं. दहा टक्के घे ना भरून.”

प्रश्न बिनतोड होता. नीलिमाला आत कुठेतरी कौतुकही वाटलं. कंपनीतल्या साहेबांनी इतका नेमका प्रश्न कधी विचारला नव्हता.

“भरून घेते, पण शेवटी ताळा पाहते,” ती म्हणाली. “ताळा जुळला नाई त लाल दिवा लावते आन म्हणते, मले वाचता आलं नाई. ते चालते. माणूस येते, हातानं पाहून घेते. पण जी मशीन ताळा न पाहता बिनधास्त आकडा ठोकून देते ना, ती आम्ही ठेवत नाई. उद्या रक्ताच्या पिशवीवरचा गट चुकीचा वाचन आन हिरवा दिवा लावन.”

“म्हंजे माह्या पोरावर लाल दिवा,” रिना म्हणाली. तिनं नीलिमाच्या ताटात वाढता वाढता वडा परत परातीत ठेवला. “सोपं हाय तुमच्यासाठी, ताई. स्वतःचं लेकरू असतं त असा दिवा लावला नसता.”

 हे वाक्य या घरात बऱ्याच वर्षांपासून शिजत होतं, फक्त वाढायला कोणी घेतलं नव्हतं. नीलिमाला ते लागलं. जिथे लागायचं तिथेच लागलं, आणि ती खाली मान घालून हाड चोखत राहिली.

 कुलदीपनं ताटात हात धुतले आणि बहिणीकडे बघितलं.

“नीलू, मी तुले कधी काही मांगलं का?”

“नाई, दादा.”

“बाबा गेले तवा मी एकोणीसचा होतो. पॉवर हाऊसात कोळशाच्या पट्ट्यावर उभा राह्यलो, काऊन की तू शाळेत हुशार होती. घरातून एकच जण शिकू शकत होतं. मी म्हटलं, नीलू शिकन. आजपर्यंत बोलून दाखवलं का?”

“नाई.”

“आज दाखवतो. मी अख्खी जिंदगी त्या चिमणीखाली काढली. माह्या पोरानं तिच्यावरून जावं, एवढंच हाय माहं. एकट्यानं उडायच्या कागदावर तू सही कर. अगल्या हप्त्यात कर, पण आज सगळ्यांसमोर हो म्हण.”

हा पत्ता कुलदीपनं याआधी कधीच टाकला नव्हता, म्हणून तो जड होता. श्रावणभाऊ, त्यांचे वडील, गेले तेव्हा नीलिमाच्या वह्यांना कव्हरं घालून देणारा हाच भाऊ होता, कोळशाचे हात दोनदा धुऊन. तिला त्या क्षणी मनापासून वाटलं की करून टाकावी सही. एका सहीनं इतकं फिटत असेल तर महाग नाही. मग तिनं विक्कीकडे बघितलं. उत्सवमूर्ती भिंतीला टेकून ताटातल्या भाताचे डोंगर करत होता.

“दादा, तू मांगतं ते मी देईन,” ती म्हणाली. “पण हे माह्यं नाई द्यायले. तो वर एकटा राहीन, मी राहणार नाई.”

“दुसरा मास्तर करन मंग सही,” गुणवंतराव म्हणाले. “दुनिया पडली हाय.”

“करन ना,” विक्की म्हणाला. घरी आल्यापासून त्याचं तोंड पहिल्यांदा उघडलं होतं. “पण आबाजी, मी एकटा असतो ना, तरी चिमणीच पाह्यली असती. मले झोळी दिसतच नाई. म्हंजे दिसते, पण डोळा तिकडं जातच नाई.”

“चूप बस,” कुलदीप म्हणाला.

रिनाच्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला. ती मुलाकडे बघत होती, आणि पुढचं जेवण तिनं वाढलं ते कोणाला काय हवं हे न विचारता.

जेवणं झाल्यावर नीलिमा मागच्या अंगणात हात धुवायला गेली तेव्हा रिना मागोमाग आली. दोरीवरचे कपडे काढायला लागली. कपडे अजून ओले होते.

“खरं सांगा, ताई. आज तुम्ही बाजूले नसत्या त?”

“धावपट्टी संपली असती, वैनी.”

“त्याच्यापुढं काय हाय?”

“नाला हाय. मंग बाभळी.”

रिनानं ओला टॉवेल पिळला, पुन्हा झटकून दोरीवर टाकला. “मी मघाशी लेकराचं बोलली. मनावर घेऊ नका.”

“घेतलं. पण रस्सा चांगला होता, त्याच्यासोबत गेलं खाली.”

रिना हसली नाही. तिनं आवाज खाली आणला. “हे पाहा. पाहुणे नागभीडवरून गाडीत बसले. पुढारी पाच वाजता येते. आता काही थांबत नाई. तुम्ही फक्त गप बसा. त्यांना हार घालू द्या, फोटो काढू द्या. पण सही करू नका. कोणी कितीबी म्हटलं तरी. उद्या मीच म्हणीन, रडीन, पाया पडीन, तरी करू नका.”

नीलिमानं मान डोलावली. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं तिनं स्वतःला समजावलं. या घरात राहायचं तर अशी समजूत घालता यावी लागते.

विहाराशेजारच्या हॉलमध्ये पाचला म्हणून ठरलेला कार्यक्रम साडेसहाला वेळेवर सुरू झाला. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, पंचशील ध्वजाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीत विक्की, त्याच्या एका बाजूला पुढारी, दुसऱ्या बाजूला नीलिमा. केसरबाई पहिल्या रांगेत, नागभीडच्या पाहुण्यांना ‘तो मधला माहा’ असं सांगत. मधली खुर्ची एकच होती, तरी त्यांनी तीनदा सांगितलं.

माइक गुणवंतरावांच्या हातात होता, म्हणजे आता तो सुटणार नव्हता.

“आज सकाळी,” ते म्हणाले, “माह्या नातवानं आकाश जिंकलं! एकट्यानं! कोणाचीबी मदत न घेता! तीन चकरा!”

टाळ्या पडल्या. नीलिमा गप्प बसली. चकरा तीनच होत्या, तेवढा आकडा तरी खरा होता. विक्कीच्या खांद्यावर शाल आली, गळ्यात झेंडूचा हार आला. हार जड होता, किंवा विक्कीची मान तरी त्या मानानं फारच खाली गेली. कुलदीप खांबाला टेकून उभा होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, आणि मुलाकडे असा बघत होता की नीलिमाला त्याच्याकडे बघवेना. असं राहू दे, तिला वाटलं. एक संध्याकाळ राहू दे त्याला.

बिघडवलं ते पुढाऱ्यांनी. त्यांचा हेतू चांगला होता, आणि पुढाऱ्यांचा हेतू चांगला असला की सांभाळून राहावं.

“आपण कामगारांनी आपल्या पोरांचं कौतुक नाई करा त कोणी करा?” ते म्हणाले. “म्हणून मी इथीच जाहीर करतो. येत्या रविवारी दोन बसा लावतो. सगळी कॉलनी धावपट्टीवर जाऊ. विक्कीभाऊ एकटा उडन आन आपण खाली उभं राहून टाळ्या वाजवू! काऊन ताई, नक्की ना? तुमच्याच हाती हाय. माइकवर सांगून द्या एकदा.”

हॉल उठून उभा राहायचा बाकी होता. शिट्ट्या झाल्या. नीलिमाच्या हातात माइक आला.

तिनं रिनाकडे बघितलं. रिनाचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं कुलदीपकडे बघितलं. त्यानं हळूच मान हलवली, हो म्हण, एवढंच. आणि तिच्या ध्यानात आलं की आता गप्प बसण्याचा अर्थ हो असाच निघणार. सगळी कॉलनी टाळ्या वाजवायला खाली उभी असताना विक्की नाही म्हणू शकणार नव्हता, तीही नाही म्हणू शकणार नव्हती, आणि दोन बसभर माणसांसमोर पोर चिमणीकडे बघणार होतं. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला. विमानाच्या दांडीला तिला कधी दोन हात लागले नव्हते.

“नक्की नाई,” ती म्हणाली.

पुढारी हसले. गुणवंतराव घाईनं म्हणाले, “ताईंचा स्वभाव विनोदी हाय.”

“नाई भाऊ, विनोदी फ्लेक्स हाय,” नीलिमा म्हणाली. “विक्की आज एकटा उडाला नाई. मी त्याच्या बाजूले बसली होती. उतरताना त्याची चूक झाली आन विमान मी उतरवलं. त्याच्यात लाजायसारखं काही नाई, सगळ्यांकडून होते. पण ज्या दिवशी मले वाटन का हा एकटा जाऊन एकटा परत येते, त्या दिवशी मी खाली उतरीन. तो येता रविवार राहीन का दहावा, मले माहीत नाई. बसा आधीच ठरवू नका. आला दिवस त मीच सांगीन.”

माइकनं एक लांब शिट्टी मारली आणि गप्प झाला. मागच्या रांगेत कोणीतरी, “मंग हे फुकटच?” असं विचारलं, आणि दुसऱ्यानं “जेवण हाय ना” म्हणून समजूत घातली. नागभीडच्या पाहुण्यांनी केसरबाईंना विचारलं की मधला तोच ना. केसरबाई म्हणाल्या, “तोच. आन बाजूची माही पोरगी.”

विक्कीनं हार काढला. शाल काढून नीट चौकोनी घडी केली आणि पुढाऱ्यांच्या समोर टेबलावर ठेवली. “नंतर द्या,” तो म्हणाला. दुपारपासून भाताचे डोंगर करणारं ते पोर या वाक्याला अडखळलं नाही. पुढारी मुरलेले होते, त्यांनी तीच शाल उचलून गुणवंतरावांच्या खांद्यावर टाकली आणि ज्येष्ठ शिक्षक म्हणून त्यांचा सत्कार करून कार्यक्रम पार पाडला. गुणवंतरावांनी आढेवेढे घेतले, पण शाल सोडली नाही. जेवणही कोणी सोडलं नाही.

कुलदीप हॉलमध्ये नव्हता.

नीलिमाला तो बाहेर बाईकच्या रांगेजवळ सापडला. स्वतःच्या बाईकच्या सीटवर हात ठेवून, किल्ली न लावता. तिला येताना त्यानं बघितलं आणि तोंड फिरवलं.

“झालं समाधान?” तो म्हणाला. “साऱ्या कॉलनीसमोर?”

“घरात सांगून पाह्यलं, दादा. घरात कोणी ऐकलं नाई.”

“उद्या ड्यूटीवर जाऊन काय तोंड दाखवू मी?”

“मले नाई माहीत.”

“तुले काईच माहीत नसते. तो कधी उडन माहीत नाई, मी काय सांगू माहीत नाई. शिकवलं कायले मंग तुले?” त्याचा आवाज चढला. “एकच पोरगं हाय माह्यं, नीलू. तुह्या हातात देल्लं होतं मी.”

“म्हणूनच नाई सोडलं. पट्टीच्या पुढं नाला हाय, दादा, आन बाभळी.”

 आतून जेवणाऱ्यांचा गलका येत होता आणि त्यात रिनाचा आवाज, विक्कीला नीट जेव म्हणून रागावणारा. कुलदीपनं तो आवाज ऐकला. इतका वेळ त्यानं पोराला आभाळातच बघितलं होतं. बाभळीत बघितलं ते आत्ता. तो बाईकच्या सीटला धरून खाली बसला आणि रडायला लागला, मोठ्यानं, लाज सोडून.

बाबा गेले तेव्हा तो रडला नव्हता. घरातल्या बायका रडत होत्या, नीलिमा रडत होती आणि त्याला दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला उभं राहायचं होतं. नंतर कधी रडायला वेळ मिळाला असेल असं तिला वाटलं नाही. तिनं त्याला उठवलं नाही, समजावलंही नाही. ती शेजारी खाली मातीत बसली, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि हॉलमधून कोणी बाहेर येताना दिसलं की त्याला हातानंच मागे फिरायला सांगत राहिली.